व्याह्यांपासून झाकलेली पिशवी

नातवंडं मला फार हुशार समजतात, म्हणून हे लिहून ठेवते. हे घडलं तेव्हा मी तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई, पण अक्कल गावच्या तलावात बुडवून आलेली.

अहेरीकडच्या आमच्या गावाहून मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चंद्रपूरला आणलं तेव्हा त्यांना लघवी थेंबाथेंबानं होत होती. डॉक्टरांनी पोट उघडून लघवीच्या वाटेवरची वाढलेली गाठ काढली. नवऱ्यानं ती बरणीत पाहिली. "संत्र्याएवढी होती," तो मला अशा ऐटीत म्हणाला, जणू आमच्याच बागेतलं फळ.

आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मधे एखादं लेकरू, मांजर, नाहीतर दाराची चौकट लागे. दवाखान्यात यातलं काहीच नव्हतं. नवरा डबा आणायला गेला की मामाजी सलाईनच्या स्टँडकडे तोंड करत.

"तहान लागून राह्यली म्हणा."

मी पदर नाकापर्यंत ओढून त्याच स्टँडला सांगे, "पाणी देते म्हणा."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा स्टँडकडे बोट दाखवत म्हणाला, "मोठा कामाचा गडी भेटला वो तुमाले! पगार बी मागत नाई."

नर्सबाईनं मला एकच काम नेमून दिलं होतं, नळीवर नजर ठेवायचं. वरच्या बाटलीतलं पाणी नळीनं आत जाणार, रक्त धुऊन दुसऱ्या नळीनं खाटेखालच्या पिशवीत येणार. "लाल आलं तरी भिऊ नको. पण यायचं थांबलं तर धावत ये. आत रक्त साकळून नळी बंद झाली तर जिवावर बेतते." मी मान डोलावली. मान डोलवण्यात मी पहिल्या नंबरची.

तिसऱ्या दिवशी निरोप आला, नणंदेचे सासू-सासरे भेटायला येताहेत. व्याही! आणि खाटेला लाल पाण्याची पिशवी लटकलेली! मी तांदळाची कापडी पिशवी रिकामी केली. तिच्यावर मी माहेरी असताना भरलेला हिरवा पोपट होता. लघवीची पिशवी तिच्यात घातली, लांबडी नळी लुगड्यासारखी घडी घालून कोंबली आणि नाडी आवळली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. वाटावं, खाटेला प्रसाद टांगलाय.

व्याही आले, बसले. धानाच्या, तलावातल्या मासोळ्यांच्या गोष्टी निघाल्या. विहीणबाईंची नजर पोपटावरून हटेना.

"कोणं काढला वो?"

"मीच जी," मी म्हणाले आणि गर्वानं फुगले. तिकडे मामाजीही फुगत होते.

"पोट ताणून राह्यलं म्हणा," त्यांनी स्टँडला सांगितलं.

"केळं खाल्लं न, गॅस असन म्हणा," मी स्टँडला उत्तर दिलं.

घामानं त्यांची उशी भिजली, ओठ पांढरे पडले. मग मामाजींनी स्टँडवरून तोंड फिरवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"बाई, लघवी अडकली. मरतो मी आता."

पदर कुठे गेला कोण जाणे. व्याह्यांच्या मधून धावत मी ओरडले, "सिस्टर! आमच्या मामाजीची लघवी अडकली!" अख्खा वॉर्ड उठून बसला. ज्यांना उठायची मनाई होती तेही.

नर्सबाईनं आधी वरचं पाणी बंद केलं, मग पोपटाची नाडी सोडली. आत नळी दुमडलेली, पिशवीत नवा थेंबही आलेला नाही. नळी सरळ केली तरी काही येईना. तोवर आत रक्त साकळलं होतं. मोठ्या सिरिंजनं ओढून ओढून तिनं जांभळासारखे गोळे काढले. मामाजी विव्हळत होते, मी भिंत धरून रडत होते. शेवटी नळीतून लाल पाणी वाहू लागलं. इतका सुंदर लाल रंग मी कुंकवातही पाहिला नाही.

"हे कोणं बांधलं?" नर्सबाई कडाडली.

मी स्टँडकडे पाहिलं.

मामाजी वाचले. घरी आल्यावर मात्र खोकला आला की धोतर ओलं, असे काही महिने गेले. सगळी धोतरं रस्त्याकडच्या कुंपणावर वाळत. एक दिवस रस्त्यानं व्याही येताना दिसले. मी धोतरं गोळा करायला धावले, तर अंगणातल्या खाटेवरून मामाजी ओरडले, सरळ मलाच.

"राहू दे ते, बाई! तू काई झाकलं की माह्या जिवाले धोका होते!"