वैरागच्या मोटारीतून शेवटी उतरणारी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलो आहे. हायस्कुलात शास्त्र शिकवतो, तेव्हा हसणं हा धंद्याचाच भाग समजा. म्हणून आता कोणी मला हसलं तर माझी तक्रार नाही... घडलं तेवढं सांगतो.

सोलापुरात वेशीबाहेर, आमच्या बोळाच्या तोंडाशी, दोन वर्षांपूर्वी वैरागच्या सर्व्हिस मोटारीचा थांबा झाला. एक लिंब, त्याखाली दगडी ओटा आणि ओट्यावर पत्र्याची शेड. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की दहा-पंधरा मिनिटांत मोटार येते. थांबा झाल्याचा आनंद बोळात कोणालाच झाला नाही. "मोटारीबरोबर गावोगावचं लचांड येणार बघा," असं शेजारचे नरसय्या म्हणाले. त्यांच्या घरी चार माग, दारात सुताच्या लडी वाळत घातलेल्या. पुढं एकदा त्यांचा पितळी तांब्या आणि दोन लडी गेल्या, आणि सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडं वळली — सिद्रामकडं.

सिद्राम त्या शेडमध्येच राहायचा. पूर्वी मिलमध्ये होता म्हणत. आता घर नाही, दार नाही, माणूस नाही. कोणापुढं हात पसरायचा नाही, दिलं तर खायचा. पण त्याची एक खोड सगळ्यांना खटकायची. मोटार आली, उतारू उतरले, ड्रायव्हर बाबूलालनं दार लावलं, की हा उठायचा, पोतं झटकून ओट्यावर अंथरायचा आणि रिकाम्या रस्त्याकडं बघून म्हणायचा, "ये माय, बस हितं."

बोळात ठरलं की ही चोरांना केलेली खूण आहे. कोणी ठरवलं म्हणाल, तर मीच! माझी सहा वर्षांची कमळ त्याच ओट्याजवळ खेळायची आणि मला तिची काळजी वाटायची. शेड काढून टाकावी असा म्युनिसिपालिटीला अर्जही मीच लिहिला, इंग्रजीत. 'पब्लिक सेफ्टी' हे शब्द त्यात तीनदा घातले आणि वाचून दाखवताना स्वतःवरच खूश झालो. बोळातल्या सगळ्यांनी सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे उठवले.

पंधरा दिवसांत शेडचे पत्रे उतरले. सिद्रामनं पोतं खांद्यावर टाकलं. जाताना मला म्हणाला, "मास्तर, मला हाकलताय, हाकला. पर ती रोज येणार की. तिला कुटं बसवू?"

"कोण ती?"

"ल्हान हाय. सगळ्यांच्या मागनं उतरती."

वेड लागलंय म्हाताऱ्याला, असं म्हणून मी विषय संपवला.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं तिन्हीसांजेला दार लावत नाहीत. लक्ष्मी यायची वेळ, ती परत जाऊ नये म्हणून. चोरांच्या भीतीनं दिवसभर कड्या घालून बसणारी माणसं नेमकी तेव्हाच दारं सताड उघडी टाकतात. आणि मोटार येते तीही त्याच वेळेला. एवढा मोठा अर्ज लिहिताना हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही... शास्त्राच्या मास्तरच्याही नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमळ उंबऱ्याशी बसून बोलताना दिसली.

"कोणाशी गं?"

"मोटारीतल्या मुलीशी, अण्णा. तिला घर नाही."

मी डोकावलो. बोळात चिटपाखरू नव्हतं. पोरांचे खेळ म्हणून सोडून दिलं. मग कमळ आपल्या ताटातली अर्धी भाकरी उंबऱ्यावर ठेवायला लागली. भाकरी सकाळी तशीच असायची, कमळ मात्र वाळत चालली. अंगात सारखी कणकण, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती पाहिली, काही सापडेना. शेवटी बायको चाचरत म्हणाली, "अहो, चार दिवस त्या वेळी दार लावून बघायचं का?"

लावलं. कडी घातली. भोंगा झाला, मोटार येऊन थांबल्याचा आवाज आला आणि जरा वेळानं दारावर टकटक झाली — अगदी खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. उघडलं तर बोळ मोकळा.

अंथरुणातून कमळ म्हणाली, "अण्णा, मी तिच्याबरोबर मोटारीनं जाणार आहे. ती म्हणते, दोघींना एक जागा पुरते."

शास्त्र कुठल्या कुठं पळालं.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून सिद्रामला शोधत गाव पालथं घातलं. स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर, घोड्यांच्या हौदाजवळ तो सापडला. दोन्ही पाय सुजलेले. मी म्हणालो, "सिद्राम, चल बाबा परत. शेड मी उभी करून देतो."

"आता हितनं उटवत न्हाय, मास्तर."

"मग मी काय करू? काही मंत्र असेल तर सांग!"

"कसला मंत्र? ये, बस म्हणायचं. तिला कुणी म्हणत न्हाय की. बसाय जागा न्हाय, म्हून उगडं दार दिसलं की आत बघती. आमच्याकडं थोडा येळ बसायची आन् जायची."

"कुठं जायची?"

"ते मी कदी इचारलं न्हाय. मला कुणी इचारलं, तू कुटं जाणार, तर मी तरी काय सांगणार?"

त्या संध्याकाळी मी बोडक्या ओट्यावर जाऊन बसलो. मोटार आली. नऊ जण उतरले. दार लावताना बाबूलाल चमकला, "मास्तर, तुमी?" नरसय्या दारातून बघत होते. लाजेनं कान तापले. तरी उपरणं अंथरलं आणि कसंबसं म्हणालो, "ये माय, बस."

आधी काहीच झालं नाही. मग उपरण्याचा काठ दबला आणि माझ्या डाव्या दंडाला कोणीतरी टेकलं. वजन एवढंसं, दमून आलेल्या मुलाचं असतं तेवढं. अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा मला स्वतःची शरम जास्त वाटली. लिंबावरच्या चिमण्या गप्प होईपर्यंत हललो नाही. मग दंड मोकळा झाला.

कमळनं त्या दिवशी दूधभाकरी मागून खाल्ली. पंधरवड्यात ती खडखडीत बरी झाली. मी मात्र रोज ओट्यावर जातो. बोळात माझ्याविषयी काय बोललं जातं ते मला ऐकू येतं. बाबूलालला खोदून खोदून विचारलं: या वाटेवर कधी अपघात, कोणाचं मूल हरवलं, काही? "अल्लाकसम मास्तर, पयल्या दिवसापासनं मीच चालवतो. कायबी न्हाय झालं." मनाचे खेळ म्हणावं, तर कमळचं दुखणं कसलं? योगायोग म्हणावं, तर दंडावरचा तो भार कोणाचा? ज्यांच्याकडं उत्तर असेल त्यांनी जरूर कळवावं.

परवा मात्र... डावा दंड नेहमीसारखा जड झाला. जरा वेळानं उजवाही.

कमळ! तसाच उठून धावत घरी आलो. ती चुलीपुढं बसून आईकडं पिठाचा गोळा मागत होती. तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

आणि मग ध्यानात आलं: त्या दोघी त्या बोडक्या ओट्यावर तशाच बसल्या असतील, आणि मी एक शब्द न बोलता उठून आलो.

कमळला खाली ठेवलं, पायांत वहाणा सरकवल्या आणि परत गेलो.