लाल पट्टीचा नवरदेव

आधी चहा घ्या, मग सांगतो. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातची तापाची गोळीसुद्धा घ्याल की नाही, शंका आहे.

मी मोखाड्याकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट. जव्हारला एक प्रशिक्षण झालं. मोठा अपघात होऊन एकदम खूप जखमी आले, तर दवाखाना कसा चालवायचा? डॉक्टर उपचारात गुंतलेले असणार, म्हणून हुकूम सोडणारा माणूस वेगळा हवा. त्याला म्हणायचं कमांडर. आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी ते पद मला दिलं, नारिंगी जॅकेटसकट.

काय सांगू, त्या जॅकेटमध्ये माझी उंचीच वाढली हो. घरी बायको म्हणाली, आमटीत मीठ जास्त झालंय का बघा. मी म्हटलं, अशी खबर योग्य मार्गाने आली पाहिजे. तिने ताटच उचललं.

मग ठरली रंगीत तालीम. कॉलेजची मुलं लाल रंग फासून खोटे जखमी म्हणून येणार आणि जिल्ह्याचे साहेब ते बघणार. मी सगळ्यांना दम भरला. पेशंट नाटक करतील, वाट्टेल ती कारणं सांगतील, त्यांचं काही ऐकायचं नाही. आणि मला थेट कुणी काही सांगायचं नाही. निरोप फक्त अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरभाऊंमार्फत.

साहेब येऊन बसले, पण मुलं येईनात. मी ड्रायव्हरभाऊंना घाटात बघायला पाठवलं. आणि ते गेले तोच फाटकातून जीप आत आली!

काय सोंगं होती म्हणून सांगू! एक तरुण डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक. मागे माणसं एकमेकांच्या अंगावर लवंडलेली, डोळे तारवटलेले. एक बाई खिडकीतून ओकत होती. मी मनात म्हटलं, कॉलेजने तयारी जोरात केली आहे.

"सायेब, मावशीला उलटीची एक गोळी द्या, आम्हाला जायाचाय," पिवळा म्हणाला.

"हो हो, देतो," असं म्हणत मी त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. लाल म्हणजे गंभीर, आधी उपचार. कावीळ इतकी पुढे गेलेली मी तरी पाहिली नव्हती.

"आवो, माजा लगीन हाय आज!"

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी साहेबांकडे वळून म्हटलं, पेशंट भ्रमात आहे. साहेबांनी मान डोलावली. मग काय, मी सुटलोच. जीपवाल्याचा हात झोळीत अडकवला, मागे लवंडलेल्या पोरींच्या डोक्यांना बँडेज बांधली. मावशीबाई गाणं म्हणायला लागल्या, तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा चढवला. पिवळा पळायला लागला, त्याला स्ट्रेचरवर बांधून घेतलं. आमच्या सिस्टर मधेच काही बोलायला आल्या. मी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

तेवढ्यात ड्रायव्हरभाऊंचा फोन आला. एसटी बंद पडलीय, मुलं घाटात बसलीत, खेपा करून आणतो, दुपार होईल.

मुलं घाटात, मग हे कोण?

"सर, सूर्यमाळचं वऱ्हाड आहे," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पोशेऱ्याला निघालंय. मला जीप आली तेव्हाच कळलं होतं. पण सांगणार कुणामार्फत? ड्रायव्हरभाऊ घाटात."

मानेला पट्टा लावलेल्या मावशी म्हणजे धवलेरी. आमच्या पाड्यांवर लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गाते, तेव्हा लग्न लागतं. नवरदेवाच्या अंगभर हळद, रात्रभर नाचून सगळे पेंगलेले, घाटाची वळणं मावशींना लागली, एवढाच काय तो अपघात.

"पोर मांडवात बसलीय," मावशी पट्ट्यातून कशाबशा म्हणाल्या. "मी नाय गेली तं लगीन नाय लागत."

देवाशपथ सांगतो, मी जन्मात इतका घाबरलो नव्हतो. माझ्यापायी एका पोरीचं लग्न अडलं होतं! जॅकेट फेकून मी कात्री घेतली. मॅडम, सिस्टर, शेवटी साहेबसुद्धा खाली बसून बँडेज सोडायला लागले. मावशींना गोळी दिली, लिंबू दिलं, पुढची सीट दिली. मी हात जोडले, तर मावशी खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, जेवायला ये. जीप सुटली तेव्हा आतून गाणं सुरू झालं होतं. दुपारी नवरदेवाने फोन केला, लगीन लागला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं.

इतक्यात आमचे खरेखुरे खोटे जखमी पोचले. साहेब म्हणाले, आता आलेत तर तालीम करूनच टाका. मी पुन्हा जॅकेट चढवलं. पहिला पोरगा स्ट्रेचरवर लालेलाल होऊन कण्हत पडला होता. साहेब वही उघडून उभे. मी पट्टी हातात घेतली, पण हात काही पुढे होईना. वाकून, अगदी अदबीने विचारलं,

"दादा, आधी एवढं सांगा, लग्न कुठे आहे?"

पोराने एक डोळा उघडला. "सर, अजून मुलगी बघतोय."