रुईवरची दोन फुलपाखरं

खांदा कॉलनीतल्या आमच्या घराच्या कुंपणाला रुई आहे. दर शनिवारी बायको मारुतीच्या माळेसाठी तिची पानं तोडायची. अळी बसलेलं पान मात्र सोडायची. सगळी रुई अळ्यांनीच खाल्ली तर मारुतीला काय उरेल, असं मी करवादायचो. ती म्हणायची, मारुतीला घाई नाही, यांना आहे.

ती गेली तेव्हा मुलगी अमेरिकेत होती. आली नाही. तिचे कागद अडकले होते; देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. मला ते समजलं होतं, पण मी ते मान्य केलं नाही. जागांचे व्यवहार करत शून्यातून वर आलो मी. अडलेला कागद सुटतो, एवढंच मला माहीत.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या अंगणातलं फुलपाखरू दाखवायचं होतं. मोनार्क. मी फोन कुंपणाशी नेला, तर रुईवर आमचंही बसलेलं. दोन्ही नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यांवर पांढरे ठिपके. तिचं थोराड, पंखभर जाड काळ्या शिरा. आमचं लहान आणि साधं. अळ्याही सारख्याच पट्ट्यापट्ट्यांच्या, फक्त आमच्या अळीला शिंगांची एक जोडी जास्त. दोन्हीकडच्या अळ्या चिकाच्या झाडावर वाढतात, त्या चिकानं कडू होतात, म्हणून पक्षी सहसा वाटेला जात नाहीत. तिचं थंडीआधी उडत थेट मेक्सिको गाठतं. आमचं या कुंपणावरून त्या कुंपणावर.

“आणि परत येतं?” मी विचारलं.

“तेच नाही येत, बाबा. वाटेत मरतं. त्याची पिल्लं, नातवंडं पोचतात.”

माझं डोकं फिरलं. “मग येणार नाही असं सरळ सांग ना. फुलपाखरं कशाला दाखवतेस?”

“आईला दाखवायचं राहिलं म्हणून.”

मी आवाज खाली आणला. महिनाभर ये म्हटलं. मग पंधरा दिवस. मग नुसती श्राद्धाला ये, दुसऱ्या दिवशी जा. सौद्यात समोरच्याआधी मी कधी उतरत नाही. इथे समोरून शब्द नव्हता, तरी उतरत गेलो.

“तुम्हीच या ना इकडे,” ती शेवटी म्हणाली.

“बघू.”

गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं असलं की मी हेच म्हणतो. ती माझ्या ऑफिसात बसून अभ्यास करत मोठी झाली. तिनं पुढे काही विचारलं नाही.