फळ्यावरची सप्तमी

नाशिकच्या सिडकोतल्या त्या चौकात दत्ताचं देऊळ आधी झालं, फळा नंतर आला. देऊळ वर्गणीतून उभं राहिलं, ब्याण्णव साली. फळा मात्र एका बंद पडलेल्या बालवाडीतून उचलून आणलेला, एका कोपऱ्याला तडा गेलेला. त्यावर काय लिहायचं, कुणी लिहायचं, काहीच ठरलं नव्हतं. एका सकाळी द्वारकाबाई निमसे आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून तिथं उभ्या राहिल्या, त्यांनी त्या दिवशीची तिथी लिहिली, आणि ते काम त्यांच्याकडे लागलं ते कायमचंच.

वर तिथी, त्याखाली त्या दिवशीचं व्रत, सगळ्यात खाली एखादा चांगला विचार. अक्षर गोल, टपोरं. निफाडच्या शाळेत सातवीपर्यंतच शिकल्या होत्या, पण खडू हातात घेतला की बाईंचा चेहरा पूजेला बसल्यासारखा व्हायचा. त्यांचा एक नेम होता. देवासमोर एकदा लिहिलं की दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत पुसायचं नाही. चुकलं तरी नाही.

लोकांचा त्या फळ्यावर इतका विश्वास बसला की एकदा दोन कॅलेंडरांत एकादशी वेगवेगळ्या दिवशी आली, तेव्हा सगळ्या कॉलनीने फळ्यावरची धरली. शेजारच्या कुसाबाई तर सुनेला सांगायच्या, "कॅलेंडर छापणाऱ्याला काय, तो पैसे घेऊन छापतो. द्वारका देवासमोर उभी राहून लिहिते."

द्वारकाबाईंचे यजमान नवनाथराव अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास कंपनीने कायमचे कामगार कमी करायला घेतले. कागदावर त्याचं नाव स्वेच्छानिवृत्ती. इच्छा कुणाची होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवनाथराव घरी बसले आणि त्यांच्या लेथवर ठेकेदाराने परप्रांतातला एक मुलगा उभा केला. तो बारा तास राबायचा, सुट्टी मागायचा नाही, एका खोलीत आठ-दहा जणांत झोपायचा. नवनाथराव पुढे एका बंगल्यावर वॉचमन झाले. ज्या हातांनी लोखंडाला आकार दिला, त्या हातात शिट्टी आली. ते कधी तक्रार करायचे नाहीत. म्हणून ती तक्रार द्वारकाबाईंनी आपल्या अंगावर घेतली.

"त्या पोरांना वाईट कोण म्हणतंय?" त्या म्हणायच्या. "पोटासाठीच आलेत. पण आमच्या पोरांनी मग कुठं जायचं? घर आपलं, आणि पाहुण्याला ताट वाढून घरच्यालाच ओट्यावर बसवायचं, ही कुठली रीत?"

महापालिकेची निवडणूक आली की त्यांचा जीव आणखी खालीवर व्हायचा. पाठीमागच्या नाल्याकाठी पत्र्याच्या खोल्या वाढत गेल्या. नगरसेवकाने तिकडे नळ दिले, मतदार यादीत नावं चढवली, आणि इकडे वीस वर्षं राहणाऱ्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. मतदानाच्या दिवशी टेम्पो भरभरून माणसं येत, शिक्का मारून जात. द्वारकाबाई रांगेत उभ्या राहून ते बघायच्या आणि घरी आल्यावर देवापुढे नुसत्याच बसायच्या.

समोरच्या घरात संध्याताई राहायच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. दोघींचं मैत्र घट्ट आणि भांडण रोजचं.

"एवढे नगरसेवक, एवढी तोंडं," द्वारकाबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या. "महापौराला कुणी विचारत नाही, साहेब लोकांना कुणी जाब विचारत नाही. अमेरिकेत बघा, लोक एकच अध्यक्ष निवडतात. सगळं त्याच्या हातात. तसा एक माणूस द्या या गावाला. चुकला तर पुढच्या वेळी घरी बसवू."

"आणि मधल्या वर्षांत चुकला तर? त्याचा हात कोण धरणार?"

"देव आहे की."

"मग देवालाच उभं करा ना. प्रचाराला भजनी मंडळ तयारच आहे."

"चेष्टा करा. तुमचा पगार चालू आहे, तुम्हाला सुचणारच चेष्टा."

संध्याताईंनी पुढ्यातली जुडी निवडायला ओढून घेतली. हे उत्तर त्यांना दर वेळी लागायचं, कारण ते खरं होतं.

दोन हजार सातच्या निवडणुकीत भिकन नावाचा तरुण कार्यकर्ता देवळात आला. मूळचा सटाण्याकडचा, रिक्षा चालवायचा, पक्षाच्या शाखेचं काम बघायचा. लाघवी मुलगा. पालखीला खांदा द्यायला सगळ्यात पुढे, कुणाच्या घरी मयत झालं तर लाकडं आणायलाही तोच.

"मावशी, फळ्याच्या खाली दोन ओळी आमच्या लिहाल का? आम्ही लिहिलं तर लोक म्हणतात राजकारण. तुम्ही लिहिलं की वाचतात."

द्वारकाबाईंना त्यात वावगं वाटलं नाही. जे मनात होतं तेच तर लिहायचं होतं. 'मत विकू नका. आपल्या माणसाला निवडा.' चांगल्या विचाराच्या जागी हे आलं. अक्षर तेच, खडू तोच. संध्याताई जाता-येता वाचायच्या आणि चपला काढून दत्ताला नमस्कार करायच्या.

त्याच वर्षी देवळाची फरशी बदलली. घासायला रामसूरत नावाचा गोरखपूरकडचा माणूस आला आणि काम आवडलं म्हणून कॉलनीतच टिकला. कुसाबाईंनी त्याला मागची खोली भाड्याने दिली. वैधव्यात त्यांचं घर त्या भाड्यावरच चालायचं. थोड्या महिन्यांनी त्याची बायको सुनैना आली. तिला अक्षरओळख नव्हती. रोज सकाळी डोक्यावरचा पदर सावरत ती फळ्याशी येऊन उभी राहायची.

"अम्मा, आज कौन तिथि है?"

पहिल्या कृष्णपक्षातच दोघींची जुंपली. द्वारकाबाई म्हणाल्या आषाढ, ती म्हणाली, नाही, सावन लागला. द्वारकाबाईंना वाटलं, बाई अडाणी आहे. मग भटजींनी समजावलं की त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. पंधरा दिवस दोन्हींचा महिना एक, पंधरा दिवस वेगळा. द्वारकाबाईंना त्याची गंमत वाटली. तेव्हापासून वद्यपक्षात त्या तिला दोन्ही सांगू लागल्या. "आमचा श्रावण, तुझा भादो." सुनैना हसून मान डोलवायची. आपल्या सोमवारच्या उपासांची काळजी असल्यासारखी ही बाई आपल्याशी बोलते, एवढंच तिला कळायचं.

परप्रांतीयांबद्दल द्वारकाबाईंचं मत त्याने बदललं, असं नाही. सुनैना त्यांच्या हिशेबी त्या लोकांत धरलेलीच नव्हती. ती तिथी विचारणारी होती.

दोन हजार आठचा फेब्रुवारी. मुंबईतल्या परप्रांतीयांविरोधी भाषणांची धग नाशिकला पोचली. कुठे टपऱ्या उलटल्या, कुठे बसवर दगड पडले. संक्रांतीचं हळदीकुंकू अजून चालू होतं. माघ लागला त्या दिवशी भिकन सकाळीच आला.

"मावशी, आजची ओळ जरा ठसठशीत लिहा. 'आपल्या कॉलनीतली खोली आपल्याच माणसाला.'"

द्वारकाबाईंना ते पटलेलंच होतं. पण ओळ त्यांना ओकीबोकी वाटली. त्यांच्या हाताला एक सवय होती. पापड कधी करायचे, गादी कधी उन्हात घालायची, सगळ्याला त्या तिथी जोडायच्या. हळदीकुंकू रथसप्तमीला संपतं, तोवर बायका घरोघर जातात, बोलणं होतं, चार गोष्टी ठरतात. त्यांनी आपल्या मनाने पुढे लिहिलं, 'परक्यांना भाडेकरू ठेवणाऱ्यांनी रथसप्तमीपर्यंत विचार करावा.'

भिकनने ते दोनदा वाचलं. "वा मावशी! हे बेस झालं." रोज तिथी बदलली, पण त्याच्या आग्रहाने ती ओळ तशीच पुन्हा लिहिली गेली.

त्या आठवड्यात सुनैना तिथी विचारायला आली नाही. द्वारकाबाईंना वाटलं, थंडी आहे, येत नसेल.

षष्ठीच्या संध्याकाळी त्या आरतीचं ताट घेऊन देवळाकडे निघाल्या. पायरीशी भिकन आणि पाच-सात पोरं उभी होती. काहींची तोंडं अनोळखी.

"मावशी, तयारी झाली. उद्या मागच्या गल्लीपासून सुरुवात. कुसाबाईची खोली पहिली."

"कसली सुरुवात?"

"असं काय करता? तुमचीच तर मुदत आहे. सप्तमी."

द्वारकाबाई पायरीवरून मागे वळल्या. "अरे, विचार करावा असं लिहिलंय मी! बायकांनी बसून बोलावं म्हणून लिहिलं. मुदत कुठली आली त्यात?"

एक पोरगा हसला. "देवाच्या फळ्यावर मुदतच लिहिलेली आहे, आजी. रोज वाचतोय आम्ही."

"भिकन, ती बाई माझ्याकडे तिथी विचारायला येते रे."

"मावशी, एकेकीची माया करत बसलं तर काय व्हायचं? नवनाथकाकांच्या लेथवर कोण बसला, ते विसरलात?"

त्या विसरल्या नव्हत्या. तेच अवघड होतं. त्याच्या बोलण्यातला एकही शब्द असा नव्हता जो त्यांनी स्वतः कधी उच्चारला नव्हता. त्यांनी ताट पायरीवर ठेवलं, फळ्याजवळ गेल्या आणि पदरानेच ती ओळ पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दिवस उलटायच्या आधी.

भिकन हळू आवाजात म्हणाला, "आता पुसून काय उपयोग? पाठ झालीय सगळ्यांना."

घरी त्या जेवल्या नाहीत. नवनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या लेथवरचा पोरगा गोरखपूरचा नव्हता, ओरिसाचा होता. पहिले आठ दिवस मीच त्याला शिकवलं. कंपनीने शिकवायला लावलं." एवढं बोलून ते उठले आणि कामावर जायला गणवेश चढवू लागले. द्वारकाबाईंना हे आजवर माहीत नव्हतं.

त्यांनी मनाशी ठरवलं. उद्या रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सकाळी उजाडताच सुनैनाला घरी आणायचं, पाटावर बसवायचं, कुंकू लावून ओटी भरायची, दार सताड उघडं ठेवून, गल्लीला दिसेल असं. ओटी भरत असलेल्या सवाष्णीच्या अंगावर भिकन पोरं घालणार नाही. एवढा त्यांना तो ठाऊक होता. नारळ, तांदूळ, खण त्यांनी ताटात काढून ठेवलं.

सकाळी सूर्याला दूध उतू घालून त्या ओटीचं ताट हातात घेऊनच कुसाबाईंकडे गेल्या. मागच्या खोलीला बाहेरून कडी. खिडकीतून दिसलं, जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, चूल थंड, कोपऱ्यात फरशी घासायचा जड दगड तेवढा राहिलेला.

कुसाबाई दारात बसल्या होत्या. "काल दुपारच्या गाडीनं गेली दोघं. मी म्हटलं, पोरी, भिऊ नको, द्वारकाचं मन असं नाही. तर म्हणाली, अम्मा ने लिखा है. तो रामसूरत वाचून दाखवायचा ना तिला, अक्षरं तर त्यांचीही हीच. सप्तमी लागायच्या आत निघायचं म्हणाली. तुझी तिथी कधी चुकली नाही म्हणे." मग त्या म्हणाल्या, "आता माझ्या खोलीत तुझा भिकन राहणारे का भाड्याने?"

पोरं आली, कडी बघून दोन शिव्या देऊन पुढे गेली. पुढच्या गल्लीत काचा फुटल्याचा आवाज आला. द्वारकाबाई ओटीचं ताट घेऊन तिथंच उभ्या होत्या.

त्यानंतरही त्या त्याच पक्षाला मत देत राहिल्या. गावाला एक खमका माणूस हवा, हे म्हणायचं मात्र त्यांनी सोडलं, आणि संध्याताईंनी कधी कारण विचारलं नाही. भिकन आठवड्याभराने नवी ओळ घेऊन आला तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "जागा नाही रे."

वर एका ओळीत तिथी होती. खालचा सगळा फळा मोकळा होता. भिकनने फळ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि रिक्षा चालू केली.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी लिहिलं, माघ वद्य प्रतिपदा. खडू खाली ठेवला नाही. सुनैनाकडे आजपासून फाल्गुन लागला असेल. ते कुणाला सांगायचं, हे न समजून त्या पाठ न फिरवता तशाच उभ्या राहिल्या, देवळात येणाऱ्या बायका बाजूने वाट काढून आत जाईपर्यंत.