मोडलेली कांडी आणि चारची कॉफी

राव सर गेल्याचं मला चेन्नईतल्या वेलचेरीच्या स्टेशनवर कळलं. मामींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला. "मृणाल, सर गेले गं. कॉफी घेतली, पेपर उघडला, आणि..." समोर गाडी आली, थांबली, निघून गेली. मी बाकावर बसूनच राहिले. त्याला आता महिना होत आला. एक गोष्ट मी आजवर सरांखेरीज कुणालाही सांगितलेली नाही, आणि ती लपवून सरांबद्दल चार बरे शब्द लिहायचे म्हणजे शुद्ध लबाडी होईल.

सर तंजावरकडचे मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेले. मी सांगलीची, त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधन करायला आलेली. पहिल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकून मला हसू आवरेना, तर म्हणाले, "हस, हस. तुझं मराठी ऐकून आमच्या घरात पण हसतात." त्यांचं बालपण चेन्नईजवळ एन्नोरला गेलं, वडील तिथल्या कोळशाच्या वीजकेंद्रात. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसायची आणि आई तेच कपडे पुन्हा धुवायची, पण तक्रार करायची नाही, कारण घर चालायचं ते त्या राखेवरच. राखेशिवाय वीज हवी, हा सरांचा हट्ट तिथला. पाण्यातून हायड्रोजन, म्हणजे बिनराखेचं इंधन, काढायला प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही, पण तो परवडणार कुणाला? सरांना तेच काम कोबाल्टकडून करून घ्यायचं होतं. कार्बनच्या काळ्या पुडीवर कोबाल्टचा एकेक अणू सुटा बसवायचा, म्हणजे एकही अणू आळशासारखा आत दडून राहत नाही. पण भट्टीत तापवलं की हे नाठाळ अणू एकमेकांकडे सरकायचे, लग्नघरात माहेरची माणसं एका खोलीत घोळका करतात तसे. आमची वर्षंच्या वर्षं तो घोळका मोडण्यात गेली.

सरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. पूड एकदाची मनासारखी झाली आणि चाचणी माझ्याकडे आली. तिच्यात आम्लाच्या द्रावणात एका बाजूला आपली पूड आणि समोर ग्राफाइटची कांडी लावायची असते. त्या गुरुवारी कांडी माझ्या हातून मोडली. नवी यायला पंधरवडा लागणार होता. मी कपाटातली प्लॅटिनमची तार काढली आणि लावली. असं करू नये, हे आमच्यात नवशिक्यालाही ठाऊक असतं. तार आम्लात किंचित झिजते आणि तिचा अंश गुपचूप समोरच्या पुडीवर जाऊन बसतो. मग राबतं प्लॅटिनम आणि नाव होतं कोबाल्टचं... आयत्या बिळावर नागोबा! मला हे पक्कं माहीत होतं. एका दिवसानं काय होतंय, म्हटलं. निकाल असा आला की सगळी प्रयोगशाळा नाचली. सर मात्र आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले आणि "सेरी," म्हणजे "बरं," एवढंच म्हणाले.

लेख लिहून तयार झाला, पण सर तो पाठवेनात. आज हा शब्द बदल, उद्या तो. मी वरून चरफडत होते आणि आतून घाबरले होते. सर रोज चार वाजता आपल्या खोलीत फिल्टर कॉफी करायचे, पितळी पेला पुढे करायचे आणि विचारायचे, "काही सांगायचंय?" हे ते सगळ्यांनाच विचारायचे. मी रोज "नाही सर" म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी मात्र मी पेला खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलून देतील. ते म्हणाले, "परवाइल्ल. असू दे. कांडी आली की परत करू."

परत केलं. निकाल पहिल्याच्या निम्म्यावरही पोचला नाही. सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "चाचणी मी नीट पाहिली नव्हती, चूक माझी." मी तिथेच उभी होते आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. सर निवृत्त झाले तेव्हा ते काम अर्धवटच होतं. चूक माझी होती. आज लिहिते आहे, फार उशिरा.

तेराव्यानंतर मामींनी मला सरांच्या चष्म्याचं जुनं घर दिलं. "तुझ्यासाठी ठेवलेलं. आत काय आहे, मला नाही ठाऊक." आत कागदात गुंडाळलेले ग्राफाइटचे दोन तुकडे होते. तेच, जे मी कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडवले होते. कागदावर सरांचं बारीक अक्षर होतं: "गुरुवार. मृणाल सांगेल."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला आधी त्यांचा रागच आला, आणि मग मामींच्या मांडीवर डोकं ठेवून मी पोटभर रडले.

ते तुकडे आता माझ्या टेबलावर असतात. चार वाजता मी कॉफी करते आणि माझ्या विद्यार्थ्यांना तेच विचारते. काल एक मुलगी "नाही मॅम" म्हणाली, आणि म्हणताना पेल्यातच बघत राहिली. आज चार वाजता तिच्यासाठी पुन्हा कॉफी करीन.