कॅम्परला ब्रेक लावताना

आमचा कॅम्पर वर्षातले बहुतेक दिवस स्टोरेज लॉटवर कव्हर घालून उभा असतो. त्याचे किस्से मात्र दर वीकेंडला बाहेर निघतात. कुणी नवीन माणूस जेवायला आलं की मंदार ताटं मांडायच्या आधीच सुरू होतो, मग सुधीर त्याला दुरुस्त करतो आणि शेवटी मी दोघांना. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. तेव्हा खरं व्हर्जन माझंच समजा.

मंदार माझा नवरा, पुण्याचा. सुधीर आणि वर्षा कराडचे, इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. दोन्ही घरांनी मिळून हा सेकंड हँड कॅम्पर घेतला. चाकांवरची खोलीच ती. आत पलंग, शेगडी, बाथरूम सगळं, आणि सुधीरच्या मोठ्या गाडीमागे जोडून ओढायची.

तेव्हा सुधीरचे वडील, आबा, सहा महिन्यांसाठी आले होते. आबा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. बत्तीस वर्षं कराड-चिपळूण, कुंभार्ली घाटातून. त्यांचा एकच नियम होता: दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असलं की डोळा लागू द्यायचा नाही. आम्ही सगळे मिळून वॉशिंग्टनला जाऊन आलो, तेव्हाही पाच तास जाताना आणि पाच तास येताना आबा पुढच्या सीटवर ताठ बसून! पाठसुद्धा टेकली नाही. सुधीर हसण्यावारी न्यायचा, पण एकदा मंदारजवळ बोललाच. "यार, बारा वर्षं इथे ड्राइव्ह करतोय, पोलिसांचं दंडाचं एक तिकीट नाही मिळालं मला. पण आबांना अजून माझा भरवसा वाटत नाही."

त्याला ते लागलं होतं. आबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं, आणि त्याआधी कॅम्पर घेऊन त्यांना ब्लू रिज डोंगरातला घाट दाखवायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

*

कॅम्पर घरी आणला तो दिवस. विकणारा म्हणाला होता, गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्या, म्हणजे गाडीबरोबर कॅम्परचेही ब्रेक लागतील. मंदार आणि सुधीरने मान डोलावली आणि ऐकलं काहीच नाही. फक्त वीस मिनिटांचा रस्ता, त्यात काय होणार?

आमच्याच कॉलनीच्या स्टॉप साइनला काय होतं ते कळलं. सुधीरने ब्रेक दाबला, गाडी थांबायला आली, आणि मागच्या धुडाला कुणी सांगितलंच नाही की थांबायचंय. त्याने गाडीला ढकलत ढकलत अर्ध्या चौकात नेऊन सोडलं. नशीब, समोर कुणी नव्हतं. फक्त एक बाई कुत्रा फिरवत होत्या. त्या थांबल्या, कुत्राही थांबला. थांबला नाही तो आमचा कॅम्पर.

सुधीरला घाम फुटला. शेजारी बसलेल्या आबांनी आरशात बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सुधीर, गाडी तू चालवतोस, का ती मागली तुला चालवती?"

वर्षाने घरी पोचल्यावर निकाल दिला. मागच्या चाकांना ब्रेक लागत नाही तोवर घाटबिट काही नाही, कॅम्पग्राउंडचं बुकिंग कॅन्सल. आता ऑक्टोबरला सहा आठवडे उरले होते.

*

दोन आयटीवाल्यांना कंट्रोलरची एक डबी निवडायची होती. मंदारने एक्सेल शीट उघडली. तेवीस कॉलम! त्यात एक कॉलम डिस्प्लेच्या लाइटच्या रंगाचा.

मुळात प्रकार दोनच होते. एक कंट्रोलर आधी ठरवून ठेवलेल्या जोराने मागचा ब्रेक लावतो, तुम्ही हळू दाबा नाहीतर करकचून दाबा. दुसरा, पुढची गाडी किती जोरात थांबतेय ते ओळखून तेवढाच जोर मागे लावतो. सुधीर पहिल्याच्या बाजूने, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी. मंदार दुसऱ्याच्या बाजूने, कारण त्याचे रिव्ह्यू त्याने वाचून काढले होते. व्हॉट्सॲपवर पोल घेतला तर मतं दोन विरुद्ध दोन. त्यात पंधरा दिवस गेले.

शेवटी आबा चहा घेता घेता म्हणाले, "जेवढा पाय दाबीन तेवढंच मागं लागंल, असं त्यातलं कुठलं हाय?"

मंदारने दुसरं दाखवलं. आबा म्हणाले, "मग बोलताय काय?"

ऑर्डर गेली. मंदारने शीटमध्ये चोविसावा कॉलम घातला, त्याचं नाव 'आबा', आणि त्यात एकच टिकमार्क केला.

*

बसवायच्या दिवशी कळलं की कंट्रोलरचा प्लग डॅशबोर्डच्या खाली, पार आत जोडायचा असतो. सुधीर खाली शिरला आणि त्याचं पोट अडकलं. मंदार शिरला, त्याचं पोट सुधीरच्याही आधी अडकलं. मग माझ्याकडे बघितलं दोघांनी.

मी ब्रेकच्या पेडलखाली डोकं घालून उताणी पडले. मंदार बाहेर उभा राहून मॅन्युअल मोठ्याने वाचत होता, पहिल्या पानापासून, सूचना आणि धोक्याच्या खुणांसकट. मी चाचपडत सॉकेट शोधलं, प्लग खट् करून बसवला, गुडघ्याला लागणार नाही अशा जागी दोन स्क्रू मारून डबी घट्ट केली आणि बाहेर आले, तेव्हा हा पान तीनवर होता. झालं म्हटलं तरी त्याने उरलेलं वाचून संपवलं.

*

आता पूजा! नव्या वस्तूची पूजा केल्याशिवाय सुधीर चावी फिरवत नाही. कॅम्पर जोडला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आठ चाकांखाली आठ लिंबं. मग नारळ कशावर फोडायचा? ड्राइव्हवे पडला गुळगुळीत काँक्रीटचा, दगड सापडेना. सुधीरला गाडी आणि कॅम्पर जिथे जोडतात तो लोखंडी गोळा दिसला. म्हणाला, यापेक्षा पवित्र जागा कुठली!

एका फटक्यात नारळ फुटला. टाळ्या वाजल्या. आणि सगळं पाणी शेजारच्या वायरच्या सॉकेटमध्ये गेलं, ज्याचं झाकण मंदारने फोटो काढायला उघडं ठेवलं होतं.

कंट्रोलरवर लाल एरर लागली, शॉर्ट सर्किटची. वर्षाने हेअर ड्रायर आणून दिला. कॅम्परच्या गळ्यात हार आणि सुधीर त्याचा प्लग वाळवत बसलेला, हे दृश्य समोरच्या घरातल्या आजोबांनी खुर्ची टाकून बघितलं.

आबा म्हणाले, "आमी नारळ दगडावर फोडायचो. गाडीच्या नरड्यात न्हाई वतायचो." मी ऑफिसच्या सवयीने बग लिहून ग्रुपवर टाकला. एरर कशी आणावी: एक, नारळ घ्या.

*

मग सेटिंग. रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी हळू चालवायची, कंट्रोलरची कळ सरकवून फक्त मागचे ब्रेक लावायचे, आणि मागची चाकं अडून घासायला लागेपर्यंत जोराचा आकडा वाढवत न्यायचा. घासली की आकडा थोडा खाली आणायचा. सुधीर गाडीत, मी कळीवर, आणि मंदार चाकांकडे बघत कॅम्परच्या बाजूने पळतोय. असे अकरा फेरे झाल्यावर पोलीस आला.

त्याने विचारलं, हा गृहस्थ तुमच्या ट्रेलरमागे का पळतोय? सुधीरने समजावलं. पोलिसाकडे स्वतःची, ट्रेलरवर ओढून न्यायची बोट निघाली, त्यामुळे तो एकदम आपला माणूस झाला. वाकून आकडा बघितला, चार. मग म्हणाला, ट्रेलर भरलाय ना? ट्रिपला जाताना जेवढं वजन असेल तेवढं ठेवूनच सेट करा.

आम्ही घरी येऊन भरायला घेतलं. तीन दिवस, सहा माणसं. वर्षाने दोन कुकर, मिक्सर, दहा किलो तांदूळ, पोळपाट-लाटणं, चिवड्याचे चार डबे आणि एक अख्खा फणस चढवला. मी विचारलं, फणस कशाला? म्हणाली, आबांना आवडतो, आणि परत गेल्यावर त्यांना इथल्या फणसाची आठवण राहील. कराडच्या माणसाला अमेरिकेतल्या फणसाची आठवण! पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी फणसाला जागा करून दिली.

पुढच्या रविवारी परत तेच पार्किंग आणि तोच पोलीस. या वेळी सहाच्या आकड्यावर चाकं घासली, आम्ही साडेपाचवर ठेवलं. मंदारने शीटमध्ये नोंद केली: 'वर्षाचा फराळ, अधिक दीड.' पोलीस चिवड्याचा एक डबा घेऊन गेला.

*

वर्षाने बुकिंग पुन्हा करू दिलं, आणि आबांच्या विमानाच्या आदल्या आठवड्यात आम्ही ब्लू रिजला निघालो. पुढे सुधीर, शेजारी आबा, मागे वर्षा, आणि त्यांच्यामागे कॅम्पर. आम्ही तिघं, म्हणजे मंदार, मी आणि आमची दहा वर्षांची सई, आमच्या गाडीत त्यांच्या पाठीमागे.

चढ संपला. उताराच्या तोंडाशी ट्रकवाल्यांसाठी पिवळी पाटी होती, घाट मोठा आहे, गिअर खाली घ्या. वर्षाने नंतर सांगितलं, सुधीरने पाटीच्या आधीच गिअर खाली घेतला होता. आबांनी त्याच्या हाताकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

मागून आम्हाला फक्त कॅम्पर दिसत होता. प्रत्येक वळणाआधी लाल दिवे लागायचे, पुढचं आणि मागचं एकाच वेळी हळू व्हायचं, आणि दिवे विझायचे. एक धक्का नाही, एक हिसका नाही. मंदार सारखा म्हणत होता, बघ, साडेपाच बरोबर होता. मला मात्र सुधीरचं कौतुक वाटत होतं.

खाली उतरलो. कॅम्पग्राउंडची पाटी आली, डावीकडे वळायचं होतं. मंदारने इंडिकेटर लावला. सुधीरने लावला नाही. कॅम्पर गेटसमोरून सरळ पुढे निघून गेला.

"बाबा, दे मिस्ड इट," सई म्हणाली.

मी घाईने वर्षाला फोन लावला. "अगं, गेट मागे राहिलं!"

"माहितीये," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "सुधीर म्हणतोय, अजून थोडं पुढे जाऊ. आबा झोपलेत."

मंदारने इंडिकेटर बंद केला, आणि आम्हीही त्यांच्यामागे सरळ निघालो.