मोरी बंद

गाठीच्या तापाच्या पहिल्या वर्षी आम्ही परळच्या चाळीत राहत होतो. आक्का, गिरणीत जाणारे तिचे यजमान आणि मी, तिचा धाकटा भाऊ. मी कोटात, म्हणजे फोर्टात, एका पेढीवर नवा कारकून. घरात इंग्रजी येणारा एकटाच, त्याचा तोराही होता.

एका संध्याकाळी घरी आलो तर आक्का खोलीतल्या मोरीचं भोक चिंध्या कोंबून मातीनं लिंपत होती. भाऊजी तापानं फणफणलेले, काखेत गाठ आलेली. दुपारी तपासणीवाले येऊन गेले होते. गोऱ्या डॉक्टरनं गाठ चाचपली, सोबत्याला काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. इस्पितळात न्यायला डोलीसुद्धा मागवली नाही.

"सायब 'मोरी बंद' म्हणालो," आक्का म्हणाली. "आपल्या भाशेत बोललो."

मलाही ते पटलं. सरकारी माणसं तेव्हा चाळीचाळीतून गटारं धूत फिरतच होती. इस्पितळात गेलेला परत येत नाही अशी सगळ्यांची खात्री. मोरीवर निभावलं म्हणून शेजारणींनी आक्काला नशीबवान ठरवलं. भाऊजी पहाटे गेले.

तेव्हापासून आक्कानं एकच घोकणं धरलं: कोपऱ्यात एक भेग लिंपायची राहिली, तिनंच घात केला.

वर्षभरानं पेढीवर आमचा साहेब एका बुडीत चाललेल्या गिरणीबद्दल बोलताना म्हणाला, मॉरिबंड. माझ्या हातातला टाक थांबला. डिक्शनरी काढली. मरणपंथाला लागलेला. पुढे हा शब्द मला जिथे तिथे भेटला, कधी डबघाईच्या पेढीला, कधी माणसं न उरलेल्या मंडळाला लावलेला. दर वेळी त्या डॉक्टरचा संताप येतो. मरत्या माणसाच्या उशाशी उभं राहून त्याच्या बायकोला कळणार नाही असं बोलायचं, ही कुठली रीत?

आक्काच्या डोक्यावरचं ओझं उतरेल म्हणून डिक्शनरी पाहिली त्याच दिवशी तिला अर्थ सांगितला. तुझ्या भेगेचा काही दोष नव्हता म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माणूस मरतलो म्हणान सांगूक कोण दुसऱ्याच्या घरात येता काय रे?" ती म्हणाली. "सायब उपायच सांगान गेलो. भेग माझ्या हातान ऱ्हवली."

अजूनही ती भांडी खाली नळावर नेऊन घासते. आणि दर अमावास्येला मोरीचा तो कोपरा पुन्हा लिंपते.